स्प्लिंट घालू की इंजेक्शन घेऊ?

पत्र थोडक्यात असं: तासगावहून एका शिक्षिकेनं लिहिलंय, वय 36. डाव्या कानापुढे जबडा कॉलेजपासून कट्-कट् वाजतो, पण तेव्हा दुखत नव्हता. दिवाळीनंतर दुखायला लागला. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो, कानशिलं ठणकतात, भाकरी चावताना कळ येते, तोंड मात्र पूर्ण उघडतं. कान दुखतोय म्हणून आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले कान एकदम चांगला आहे. नवरा म्हणतो रात्री दात करकरा वाजवतेस. मग एका दातांच्या डॉक्टरांनी स्प्लिंट, म्हणजे दातांवर घालायचं प्लास्टिकचं कवच, सांगितलं, दुसरीकडे स्नायू ढिला पाडणारं बोटॉक्सचं इंजेक्शन, तिसरीकडे तुमचा चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसणं, चुकलाय, दात थोडे घासून लेव्हल करू आणि तारा लावू. सासूबाईंचं म्हणणं, तेल गरम करून चोळ, होईल बरं. "मॅडम, यातलं नक्की काय करू? आणि मुलगी 13 वर्षांची आहे, तिचाही जबडा वाजतो, तिचं काय?"

ताई, चार जणांचे चार सल्ले आहेत आणि खरं सांगू का, त्यातला पहिल्यांदा करून बघण्यासारखा सासूबाईंचा आहे. हसू नका. तेलात काही विशेष आहे असं नाही, पण गालाचा तो जाड स्नायू शेकून रोज नीट चोळणं हे जबड्याच्या दुखण्यात आज चांगलं मानलं जातं, आणि बोटॉक्स आणि दात घासणं ही दोन्ही त्याच्या बरीच खाली येतात. का ते सांगते. पण स्प्लिंट की इंजेक्शन हा प्रश्न मुळात नंतरचा आहे, आधी दुखतंय काय ते बघायला लागेल, स्नायू का सांधा.

आत्ता आरशासमोर उभ्या राहा. दोन्ही कानांच्या पुढे बोटं टेकवा आणि तोंड उघड-मीट करा, बोटाखाली काहीतरी सरकताना लागतं तो तुमचा जबड्याचा सांधा. हा सांधा आधी बिजागरीसारखा फिरतो आणि मग पुढे घसरतो, दोन्ही हालचाली एकाच सांध्यात, आणि मध्ये एक छोटी चिवट चकती असते तिला आम्ही डिस्क म्हणतो. ही डिस्क थोडी पुढे सरकलेली असली की तोंड उघडताना हाड तिच्यावर चढतं आणि तो कट् आवाज येतो. आता दात एकमेकांवर दाबा, गालाच्या मागच्या भागात एक गोळा टणक होतो आणि कानशिलावर पण हलतं, ते दोन स्नायू. हे गोळे दाबल्यावर "हं, हेच दुखतं माझं, रोजचंच" असं वाटलं तर दुखणं बहुतेक स्नायूंचं आहे, आणि बरोबर कानापुढे सांध्यावर बोट ठेवल्यावरच कळ आली तर सांध्याचं. बऱ्याच जणांना दोन्ही थोडं थोडं असतं. आणि एक, स्वतःचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघा. बसली तर उघडणं ठीक आहे, साधारण 35 ते 40 मिलीमीटरच्या वर उघडतं म्हणजे.

पत्रावरून निदान करायचं नसतं हे माहितेय मला, पण सकाळचा आखडलेपणा, कानशिलं ठणकणं, रात्रीचं दात वाजवणं आणि तोंड पूर्ण उघडणं हे सगळं एकत्र वाचलं की माझा कल स्नायूंकडे जातो. ती जुनी कट्-कट् आणि आत्ताचं दुखणं यांचा संबंध असेलच असं नाही. न दुखणारा आवाज हा आजार नाही, त्याला उपचार लागत नाही, आणि एमआरआय काढला तर कसलीच तक्रार नसलेल्या साधारण तिघांत एकाची डिस्क सरकलेली दिसते. म्हणजे रिपोर्टात डिस्प्लेसमेंट असा शब्द आला म्हणून घाबरून जायचं कारण नाही. तुम्ही कानाच्या डॉक्टरांकडे आधी गेलात यात पण वेगळं काही नाही, बरेच जण तसेच जातात, कारण सांधा कानाला अगदी खेटून आहे. गंमत म्हणजे हे दुखणं 1934 साली ज्यांनी गाजवलं ते कॉस्टन हे अमेरिकेतले कानाचेच डॉक्टर होते, त्यांनी दाढा गेल्यामुळे चावा खाली बसतो आणि सांधा मागे दाबला जातो असं मांडलं, नंतर शरीररचनेच्या अभ्यासकांनी ते खोडून काढलं, पण "चावा चुकला म्हणून जबडा दुखतो" हे डोक्यात बसलेलं काही जाईना. तुम्हाला तिसऱ्या ठिकाणी जे सांगितलं ते त्याचंच शेपूट आहे.

आता करायचं काय. दिवसभरात तुमचे दात एकमेकांना टेकलेले असतात का ते बघा. टेकायला नको असतात! ओठ मिटलेले, दात सुटलेले, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या जरा मागे टाळूला, ही जबड्याची विश्रांतीची जागा. दात दातांना लागायचे ते जेवताना आणि गिळताना तेवढेच, दिवसभरात मोजून काही मिनिटं. तुमच्याकडे वर्गात पोरं ओरडतात, स्कूटीवरून खड्डे चुकवत यायचं, रात्री पेपर तपासायचे, या सगळ्यात दात आवळलेले असणार आणि पत्ता पण नसतो आपल्याला. मी पेशंटला मोबाईलच्या मागे आणि फळ्याच्या कोपऱ्यावर एक छोटं रंगीत टिकलीएवढं स्टिकर लावायला सांगते, दिसलं की दात सोडायचे, खांदे खाली. पोरांना वाटतं मॅडमची काहीतरी शाळा आहे, वाटू दे. पेन दातात धरणं, दोरा दातानं तोडणं, फोन मान वाकडी करून खांद्यात धरणं, नखं खाणं, च्युइंगम, हे बंद. ऊस सोलून खायचा मोह या भागात कुणालाच आवरत नाही पण काही आठवडे रस प्या, ऊस नको. चिक्की, भाजलेले हरभरे, सुपारी नको. भडंग चालेल पण त्यातले शेंगदाणे घरच्यांना द्या. भाकरी सोडू नका हो, आमटीत कुस्करून खा. मऊ खाणं दोन-तीन आठवडेच, वर्षभर पेज पिऊन जबडा बरा होत नाही, उलट स्नायू कमजोर पडतात.

शेक: ओला गरम टॉवेल दोन्ही गालांवर 15-20 मिनिटं, रोज संध्याकाळी, मग सासूबाईंचं तेल घेऊन गोलगोल चोळायचं, गाल पण आणि कानशिलं पण, दुखणाऱ्या गोळ्यावर जरा दाब देऊन थांबायचं. मग व्यायाम. जीभ टाळूला लावून ठेवायची आणि ती न सोडता जेवढं उघडतं तेवढंच तोंड हळू उघडायचं, सहा वेळा, दिवसातून पाच-सहा वेळा तरी. जीभ टाळूला असली की जबडा वेडावाकडा जात नाही आणि फार पुढे पण घसरत नाही. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. सुरुवातीचे काही दिवस फार ठणकत असेल तर आयबुप्रोफेनसारखी गोळी थोडे दिवस चालते, पण पित्त, बीपी, किडनी असं काही असेल तर आधी तुमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारा. आणि मनाचं पण बघा. टेन्शन घेऊ नका असं म्हणणं सोपं आहे, मी म्हणत नाही, पण झोप नीट नसली आणि डोक्यात कटकट असली की स्नायू आवळतातच, आणि काही डिप्रेशनच्या गोळ्यांनी सुद्धा दात आवळणं वाढतं, तशी गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

हे सगळं घरगुती वाटतं म्हणून लोक तोंड वाकडं करतात. पण 2023 च्या डिसेंबरात बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात जबड्याच्या जुनाट दुखण्यावर, म्हणजे तीन महिन्यांच्या वर चाललेल्या, एक मार्गदर्शन आलं. त्यात ठामपणे करा म्हणून जे सांगितलंय ते म्हणजे विचारांची आणि ताण हाताळण्याची थेरपी, जबडा हलवण्याची फिजिओथेरपी, दुखऱ्या गाठी हातानं दाबून सोडवणं, देखरेखीखाली जबड्याचे आणि शरीराची ठेवण सुधारणारे व्यायाम, आणि घरी करायचे व्यायाम आणि नीट समजावून सांगणं. आणि स्प्लिंट? ते नको कडे झुकणाऱ्या यादीत आहे. बोटॉक्स, सांध्यातलं स्टेरॉइड, सांध्यात वंगण म्हणून सोडायचं हायल्युरॉनिक अॅसिड, सांधा धुणं, ही पण त्याच यादीत. ठाम नको नाही, सौम्य नको, म्हणजे काही जणांना उपयोग होऊ शकतो पण सगळ्यांना सुरुवातीलाच देण्याइतका पुरावा नाही. ठाम नको ज्याला म्हटलंय त्यात चावा कायमचा बदलणारी स्प्लिंट आणि डिस्क काढून टाकण्याचं ऑपरेशन येतं.

मी स्वतः दातांची डॉक्टर आहे, स्प्लिंट बनवते, त्याचे पैसे पण घेते, त्यामुळे हे वाचून आमच्यातलेच काही जण नाक मुरडतील. माझं मत असं आहे की स्प्लिंट हे दुखण्याचं औषध म्हणून विकू नये. ते गाडीच्या मडगार्डसारखं आहे, चिखल उडायचा थांबत नाही पण अंगावर येत नाही. रात्री तुम्ही दात वाजवणारच, स्प्लिंटनं ते बंद होत नाही, पण दात झिजण्याऐवजी प्लास्टिक झिजतं, दाढेला भेग जायची वाचते, आणि काही जणांना सकाळी जबडा हलका वाटतो. तुमचे दात झिजलेले दिसत असतील, फिलिंग तुटत असेल, तर दोन महिने वरचं सगळं करून मग स्प्लिंट जरूर घ्या. पण कुठलं ते विचारून घ्या.

कडक अॅक्रिलिकचं, सगळ्या दातांवर बसणारं, वरून सपाट, तुमच्या दातांचं माप घेऊन किंवा स्कॅन करून बनवलेलं. बसवताना रंगीत कागद चावायला देऊन डॉक्टर ते थोडं थोडं घासून सगळ्या दातांना सारखं लागेल असं करतात, त्यात वेळ जातो, पाच मिनिटांत घालून पाठवलं तर समजा काम अर्धं झालंय. एक-दोन आठवड्यांनी परत दाखवायचं, मग महिन्याने. फक्त रात्री घालायचं. सकाळी काढल्यावर दात पहिल्यासारखे बसत नाहीत असं काही मिनिटं वाटेल, दुपारपर्यंत तसंच राहिलं तर घालणं थांबवून डॉक्टरांना गाठा. गरम पाण्यात धुवायचं नाही, वाकडं होतं. ऑनलाइन मिळणारी गरम पाण्यात घालून चावायची मऊ रबरी गार्ड स्वस्त असतात, पण काही जण त्यावर जास्तच आवळून चावतात, रात्रभर च्युइंगमच जणू. पुढच्या चार-सहा दातांवरच बसणारी छोटी स्प्लिंट रोज बरेच महिने घातली तर मागच्या दाढा सरकून पुढचे दात उघडे राहायला लागतात, ती माझ्या हातून कुणाला दिली जात नाही. खालचा जबडा पुढे ओढून धरणारी एक असते, ती सांधा अडकतो अशांना थोड्या दिवसांसाठी देतात, दिवसरात्र महिनोन्महिने घातली की चावा बदलून बसतो आणि मग ती निस्तरायला आणखी खर्च. आणि हो, तुम्ही रात्री जोरात घोरत असाल, दिवसा पेंगत असाल तर स्प्लिंटच्या आधी झोपेची तपासणी करा.

आता इंजेक्शन. इंजेक्शन म्हणजे एकच गोष्ट नाही हे आधी लक्षात घ्या, कारण क्लिनिकमध्ये "एक इंजेक्शन देतो" एवढंच सांगतात आणि आपण पण विचारत नाही. स्नायूतल्या दुखऱ्या गाठीत भुलीचं औषध टाकतात ते एक. बोटॉक्स पण स्नायूतच, ते स्नायूला ढिला पाडतं, काही दिवसांत गुण दिसतो, तीन-चार महिन्यांत उतरतो, मग परत. तोवर चावायची ताकद कमी होते, चुकीच्या जागी गेलं तर हसताना तोंड वाकडं दिसतं, आणि वारंवार घेतल्यावर जबड्याच्या हाडाची घनता कमी होते का याची काळजी प्राण्यांवरच्या प्रयोगांमुळे आहे. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या संस्थेनं 2010 साली ते जुनाट मायग्रेनसाठी मंजूर केलं, जबड्याच्या या दुखण्यासाठी मंजुरी दिलेली नाही. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर नकोच. आजकाल चेहरा बारीक करायला म्हणून हेच इंजेक्शन गालात देतात आणि त्यालाच जबड्याचा इलाज म्हणून जोडून विकतात, तेवढं ओळखा. सगळं करून झालंय, व्यायाम, फिजिओ, स्प्लिंट, आणि स्नायू दगडासारखे आहेत, अशा एखाद्या पेशंटला मी तज्ज्ञाकडे पाठवते. तुम्ही तिथवर आलेल्या नाही.

सांध्यातली इंजेक्शनं वेगळी. एखाद्याचा जबडा आधी वाजायचा आणि एक दिवस आवाज बंद झाला आणि तोंड दोन बोटांच्या वर उघडेना, उघडताना दुखऱ्या बाजूला वाकडं जातंय, तर डिस्क पुढे अडकलेली असू शकते. इथे काही आठवड्यांच्या व्यायामानं फरक पडला नाही तर सांधा धुतात, त्याला आर्थ्रोसेंटेसिस म्हणतात, 1991 मध्ये ही पद्धत पुढे आली. भूल देऊन कानापुढे दोन सुया, एकीतून सलाईनसारखं पाणी आत, दुसरीतून बाहेर, आणि शेवटी काही वेळा स्टेरॉइड किंवा हायल्युरॉनिक अॅसिड सोडतात. भुलीमुळे त्या बाजूची पापणी काही तास नीट मिटत नाही, सूज राहते, घाबरायचं नसतं. धुतल्यावर व्यायाम केला नाही तर सगळं पाण्यात. नुसतं स्टेरॉइड सांध्यात परत परत घेऊ नये, कूर्चा खराब होते. रक्त काढून फिरवून त्यातला भाग टोचतात ते पीआरपी पण चाललंय हल्ली, त्याचा पुरावा अजून पातळ आहे. तुमचं तोंड तीन बोटं उघडतंय ना, मग यातलं काहीच तुमच्यासाठी नाही.

आणि दात घासून लेव्हल करणं? अजिबात नको. घासलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, परत येत नाही. जबडा दुखतोय म्हणून तारा पण नकोत. दात वाकडे आहेत, दिसायला नकोत म्हणून तारा लावायच्या तर खुशाल लावा, पण दुखणं शांत झाल्यावर आणि त्या कारणासाठीच. अमेरिकेत 1980 च्या दशकात जबड्याच्या सांध्यात टेफ्लॉनचे तुकडे बसवायची लाट आली होती, ते आत झिजून तुटायला लागले, हाड खाल्लं गेलं, शेवटी परत मागवावे लागले, आणि ज्यांच्यात बसवले होते त्यातल्या बऱ्याच जणांचे हाल सुरुवातीच्या दुखण्यापेक्षा वाईट झाले. म्हणून या सांध्याच्या बाबतीत मी आधी परत फिरता येईल असाच उपचार निवडते, मग पेशंट कितीही घाईवर येऊ दे.

एक तुम्ही लिहिलं नाहीत, मिश्री लावता का? किंवा घरात कुणी तंबाखू, गुटखा, मावा? गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे आणि टपरीवर मिळतोच, ते सोडा. तोंड हळूहळू कमी उघडायला लागलं, तिखट लागलं की आग होते, गालाच्या आत पांढरट ताठ पट्टे हाताला लागतात, तर ते सांध्याचं दुखणं नाही, सुपारीनं होणारं आहे आणि त्यातून पुढे कॅन्सरचा धोका असतो. अशा माणसाला जबड्याचे व्यायाम सांगून घरी पाठवणं म्हणजे वेळ घालवणं. तसंच चालताना, जिना चढताना जबडा दुखतोय आणि बसलं की थांबतोय तर आधी हृदयाची तपासणी, दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावत बसू नका. विजेचा झटका बसल्यासारखी क्षणभराची कळ ही नसेची असते. पन्नाशीनंतर नव्यानं कानशील दुखणं, चावताना जबडा थकणं आणि नजर अंधुक होणं एकत्र आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. ताप, सूज, पू, तेही लगेच.

दाखवायचं कुठे म्हणाल तर तासगावहून सांगली-मिरज तुम्हाला जवळ आहे, कराडला पण डेंटल कॉलेज आहे, साताऱ्याकडचे वाचक तिकडे जाऊ शकतात. कॉलेजात गेलात तर ओरल मेडिसिन, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या, विभागात जा, थेट दात काढायच्या रांगेत नाही. पहिल्या भेटीत विचारायचं एवढंच, माझं स्नायूचं आहे का सांध्याचं, आणि तुम्ही सांगताय ते नको वाटलं तर नंतर थांबवता येईल का. फिजिओथेरपिस्टकडे जायच्या आधी फोनवर विचारून घ्या जबड्याचं बघता का, सगळे बघत नाहीत. सहा ते आठ आठवडे नेटानं करा, रोजचं दुखणं दहापैकी किती ते एका वहीत लिहून ठेवा, नाहीतर दोन महिन्यांनी तुम्हीच म्हणाल काही फरक नाही आणि वही सांगेल आहे. कट्-कट् मात्र राहील बहुतेक, तिच्याशी भांडू नका.

मुलीचं. दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतं, अडकत नाही, एवढं असेल तर काही करायचं नाही, एक्स-रे नको, इंजेक्शन तर वाढत्या वयात या सांध्यात उगीच कुणी देऊ करत असेल तर उठून या. मैत्रिणींना आवाज काढून दाखवत असेल तर तेवढं बंद करायला सांगा, नखं खात असेल तर तेही. हनुवटी एका बाजूला सरकतेय किंवा चेहरा एका बाजूनं वेगळा वाढतोय असं वाटलं, किंवा लहानपणी हनुवटीवर जोरात पडली असेल, तर तेव्हा मात्र एकदा दाखवून घ्या.